छपराखालचा सोलर

९ मार्च २०२५

सायली,

कळवायला आनंद होतो, की आपल्या चार्जिंगच्या गाड्याला तुझ्या वडिलांनी पक्कं शेड बांधून दिलंय. चार लोखंडी खांब, वर निळा पत्रा, तिन्ही बाजूंनी पत्र्याच्या भिंती आणि पुढं कुलूपबंद जाळीचं दार. कशासाठी, तर ऊन लागू नये म्हणून. मी हे सावकाश लिहिते, तूही सावकाश वाच. सोलरच्या गाड्याला ऊन लागू नये म्हणून शेड बांधलंय.

तू इंजिनिअर, मी आयटीआयची वायरमन. आपल्या दोघींच्या सगळ्या शिक्षणात असला विनोद कुणी केला नव्हता. मी आप्पासाहेबांना जाऊन विचारलं, तर ते खांबावरून हात फिरवत कौतुकानं म्हणाले, "करुणा, एवढी महागामोलाची वस्तू उन्हातान्हात ठिवून नासवायची का? आपण ट्रॅक्टरला सुदिक शेड करतो."

"आप्पासाहेब, ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. ह्यो उन्हावर चालतो."

"मंग सकाळी दार उघडतो की आपण. येतंय तेवढं येऊ दे ऊन."

दार उत्तरेला आहे.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, दोन निळ्या खुणा दिसतात मला, पण उत्तर देत नाहीस. म्हणून हे पत्र बिडकीनच्या पोस्टातून रजिस्टर करून तुझ्या पुण्याच्या ऑफिसात पाठवते. सही करून घ्यायला तरी तुला खुर्चीतून उठावं लागेल.

गाडा कशासाठी केला होता ते पुण्याच्या हवेत विसरली असशील, तर सांगते. वाळूजच्या कंपनीची बस आपल्या गावात येत नाही. ती धरायला फाट्यावर जावं लागतं, अकरा किलोमीटर, आणि एसटी कधी येणार ते तिच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. म्हणून वस्तीतल्या आम्ही सहाजणींनी जुन्या इलेक्ट्रिक स्कूटर घेतल्या. त्यांच्या बॅटऱ्या थकलेल्या, एकदा भरल्या की जाऊन-येऊन जेमतेम पुरायच्या. घरी लावाव्यात तर आमच्या वस्तीला व्होल्टेज असं की ट्यूब नुसती फडफडते. त्यात डीपी जळाली की पंधरा पंधरा दिवस अंधार. तेव्हा तूच म्हणाली होतीस, "करुणे, वीज इथं येत नाही ना, मग आपण विजेलाच चाकं लावू."

आणि लावली आपण. फाट्यावर बद्रीनाथभाऊच्या पंक्चरच्या दुकानामागं बसून सुट्टीच्या सुट्टीला तो गाडा जोडला. वर उघडमीट होणारे पॅनल, खाली बॅटऱ्या, बाजूला सॉकेट आणि स्कूटरमागं बांधून ओढता येईल अशी दांडी. सकाळी आम्ही फाट्यावर स्कूटर लावून बसमध्ये चढायचो. माझी आई दिवसभर गाड्यापाशी बसायची आणि ऊन फिरेल तसा गाडा फिरवायची. आम्ही परत येईस्तोवर सगळ्या स्कूटर भरलेल्या असायच्या. बाजाराच्या दिवशी आई गाडा बिडकीनला न्यायची, तिथं भाजीवाल्या पोरांच्या गाड्या भरून द्यायची. तू पहिल्यांदा तिला तिथं पाहिलंस तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "हा गाडा भामामावशीचा," असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस. बद्रीनाथभाऊ साक्षीला आहे.

मग सव्वीस जानेवारी आली. वर्षभर चालू असलेल्या गाड्याचं लोकार्पण करायचं ठरलं. तुझ्या कंपनीनं पॅनलला मदत दिली होती, तिला फोटो हवे होते. "एक दिवस गावात नेऊ करुणा, पारापुढं कार्यक्रम होईल, संध्याकाळी परत." हे तुझे शब्द आहेत. पॅनलवर हळदकुंकवाची बोटं ओढली, चाकाशी नारळ फोडला, दांडीला लिंबू-मिरची बांधली. आईनं नवं पांढरं लुगडं नेसलं होतं. तिला वाटलं, बटण आपल्याला दाबायला सांगतील. तिला कुणीतरी "मावशी, तुम्ही तिकडं बसा" म्हणून मांडवाच्या कडेला बसवलं आणि बटण तुझ्या वडिलांनी दाबलं. तू माईकवर "ग्रामस्थांच्या पुढाकारानं" असं बोललीस. कोणते ग्रामस्थ गं? त्या दिवसापर्यंत त्यांतल्या एकानंही गाड्याला हात लावला नव्हता.

ती संध्याकाळ अजून झालेली नाही. गाडा तिथंच आहे.

तुझ्याकडं फक्त एवढंच मागते, की गाडा फाट्यावर परत पाठव. तुझ्या कंपनीचा एक फोन पुरेल. एप्रिलच्या शेवटी आमचं कंत्राट नवं होतं आणि उशिरा येणारीचं नाव नव्या यादीत नसतं, हे मी वाढवून सांगत नाही. माझं सध्या ठीक आहे, वेळेवर पोचते. बाकीच्यांचे हाल आहेत.

करुणा


२८ मार्च

सायली,

मिळालं तुझं उत्तर. पहिल्या मेसेजनंतर दीड महिन्यानं दीड ओळ. "बाबांशी बोलले. शेड सेफ्टीसाठी आहे. जरा समजून घे, आता ते गावाचं झालंय."

हे "गावाचं" मला जरा नीट समजावून सांग. फाट्यावर होता तेव्हा तो गाडा कुणाचा होता? आम्ही सहाजणी गावाबाहेरच्या आहोत का? वस्तीवर राहतो म्हणजे पाकिस्तानात राहतो? पारापुढं नेला, तुझ्या वडिलांनी कुलूप लावलं, किल्ली तुमच्या देवळीत गेली, की झाला गावाचा! मग गावातलं कोण त्यावर काय चार्ज करतं ते तरी विचारायचं होतंस बाबांना.

मी सांगते. तुझा भाऊ सार्थक त्यावर स्पीकर लावतो. सावलीत ठेवल्यावर पॅनलमधून काय येणार, माती? आठ दिवसांत बॅटऱ्या उतरल्या. तुझ्या कंपनीचा माणूस केव्हाही बघायला येईल, दिवा तर लागलेला दिसला पाहिजे, म्हणून सार्थकनं खांबावरच्या तारेवर आकडा टाकला आणि ती वायर आपल्या गाड्याला जोडली. सोलरचा गाडा चोरीच्या विजेवर चार्ज होतो, सायली. जगात दुसरीकडं कुठं असं घडलं असेल तर कळव. मी त्याला म्हणाले, "अरे, डीपीवर लोड येईल, जळंल ती." तर दात काढून म्हणाला, "ताई, तुमाला लई कळतं. कंपनीत इंजिनिअर हायेत का झाडू मारता?"

मी तिथं वायरिंगच्या लाइनवर आहे. पण ते त्याला सांगून काय उपयोग.

मग आम्ही पाचजणी ग्रामपंचायतीत गेलो. पाच, कारण सुलेखा आता आमच्यात नाही. तिची स्कूटर तीनदा वाटेत बंद पडली. तिसऱ्यांदा ती ढकलत घरी आली तेव्हा तिचा नवरा दारातच उभा होता. म्हणाला, "बास झाली नोकरी. गाडी ढकलायला तुला पगार मिळतो का?" त्यानं स्कूटर विकून टाकली. सुलेखा आता दुसऱ्याच्या रानात कांदा काढायला जाते. तिच्या ओळखपत्राला लावायची निळी दोरी असते ना, ती तिनं चुलीत घातली असं तिची सासू सांगत होती. तुमच्या कंपनीच्या रिपोर्टात "लाभार्थी महिला" म्हणून ज्या बाईचा हसरा फोटो पहिल्या पानावर आहे, ती हीच सुलेखा. सार्थक मोबाइलवर सगळ्या गावाला दाखवत फिरतो, त्यात बघितला मी तो.

ग्रामपंचायतीत तुझे वडील सरपंचाच्या खुर्चीतून अगदी गोड बोलले. त्यांनी आम्हाला चहा पाजला, आमचे कप वेगळे नव्हते हेही आवर्जून दिसेल असं पाजला. आणि दुसऱ्या दिवशी ठराव केला, की सदर गाडा ही गावाची मालमत्ता असून तो शेडच्या जागेवरून हलवण्यास मनाई आहे. हलवल्यास कारवाई. खाली सगळ्या सदस्यांच्या सह्या आहेत, साहेबराव भाऊंचीसुद्धा. ते आमच्या वस्तीचे सदस्य. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पोरी, सही नाय केली तर वस्तीतल्या नळाचं काम अडकतं."

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं होतं. मी वेळेवर पोचत नाही. दोनदा बस चुकली, एकदा मधल्या रस्त्यावरून चालत गेले. सुपरवायझरनं मला लाइनवरून काढून बदलीवर टाकलंय, म्हणजे कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत घरी. तुझ्यापुढं रडगाणं गायचं नव्हतं म्हणून लिहिलं नाही. पण तू "समजून घे" म्हणालीस, तेव्हा म्हटलं, समजायची जबाबदारी दोन्हीकडं सारखी असू दे.

लहानपणी तू आमच्या घरी भाकरी खायचीस, आणि घरी जाताना ओढ्यावर थांबून चूळ भरायचीस. आई मला म्हणायची, जाऊ दे, लेकरू आहे. तू आता लेकरू नाहीस.

करुणा


१२ एप्रिल

सायली,

हे छोटं पत्र आहे, कारण मला जयंतीच्या तयारीला जायचंय.

काल सार्थक वस्तीत आला. विहारासमोर मोटरसायकल उभी करून, न उतरता, आप्पासाहेबांचा निरोप सांगितला. "बाबा म्हणले, चौदा तारखेला तुमच्या लोकांना गाडा देतो. लायटिंग करा, स्पीकर लावा, रातभर वापरा. सकाळी परत आणून द्या."

पोरं खूश झाली. मी पुढं झाले आणि विचारलं, "मनाईचा ठराव हाय ना? हलवला तर कारवाई?"

"बाबांनी म्हणल्यावर कशाची कारवाई?"

म्हणजे बघ. आम्ही पोटासाठी मागितला तर तो गावाच्या मालमत्तेला धक्का. त्यांनी उपकार म्हणून एका रात्रीपुरता दिला, तर ठराव गुंडाळून खिशात. आणि तोही बाबासाहेबांच्या नावानं, म्हणजे आम्हाला नाही म्हणता येऊ नये! ज्या माणसानं आम्हाला मागून नव्हे, हक्कानं घ्यायला शिकवलं, त्याच्या जयंतीला आमचाच गाडा आम्ही तुझ्या वडिलांकडून उसना घ्यायचा. वर आभार मानायचे. त्याचेही फोटो निघाले असते.

मी सार्थकला सांगितलं, "तुमच्या बाबांना म्हणावं, आम्ही मेणबत्त्या लावू."

पोरं माझ्यावर नाराज आहेत. आईसुद्धा म्हणाली, घ्यायला काय हरकत होती, निदान एक दिवस गाडा डोळ्यांसमोर आला असता. तिनं असं म्हटल्यावर मात्र मला रडू आलं.

जय भीम.

करुणा


२७ एप्रिल

सायली,

आम्ही छप्पर काढलं.

नीट वाच, म्हणजे उद्या तुझ्या बाबांचा फोन आला की तुला गोंधळायला होणार नाही. गाडा आम्ही हलवलेला नाही. जिथं आहे तिथंच आहे, बोटभरही सरकला नाही. ठरावात गाडा हलवायला मनाई आहे. पत्रा काढायला मनाई कुठंच लिहिलेली नाही, मी तो ठराव चारदा वाचलाय.

मागच्या रविवारी भर दुपारी गेलो. मुद्दाम दुपारी, चोरून काही करायचं नव्हतं. मी पाना घेऊन वर चढले, बाकीच्यांनी खालून पत्रे धरले. सुलेखा आली होती. मी तिला बोलावलं नव्हतं, रानातून तशीच आली, हाताला कांद्याचा वास. वरचे झाले, मग बाजूचे काढले. ते एकावर एक नीट रचून ग्रामपंचायतीच्या भिंतीला टेकवले, बोल्ट एका डब्यात घालून वर ठेवले. उद्या कुणी म्हणायला नको की बायांनी भंगारात घातले. आकड्याची वायर सोडवून तीही गुंडाळून ठेवली. आईनं पदरानं पॅनलवरचं वाळलेलं हळदकुंकू पुसलं आणि पॅनल उघडले. तीन महिन्यांनी गाड्यानं ऊन पाहिलं.

तेवढ्यात तुझे वडील आले. "पोलिसांना बोलवीन," म्हणाले.

आई म्हणाली, "बोलवा की. काय सांगणार त्यास्नी, सोलरला ऊन लागलं म्हणून?"

पारावर बसलेले दोघंतिघं हसले. त्यांच्याच भावकीतले होते, तरी हसले. तुझे वडील पाठ फिरवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आणून परत पत्रे ठोकणार होते म्हणे. पण त्याच रात्री डीपी जळाली. एवढे दिवस आकडा खेचून, वर घराघरातले कूलर, ती किती सोसणार? मी सांगितलं होतं. आता सगळ्या गावात वीज नाही आणि चालू असलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आमचा गाडा. पंचायतीची निवडणूक तोंडावर आलीय. अशा वेळी त्याच्यावर पत्रे ठोकायची हिंमत तुझ्या वडिलांत नाही.

आता आमचं असं चाललंय. दिवसभर आई गाड्यापाशी असते, बॅटऱ्या भरते. संध्याकाळी आम्ही कामावरून आलो की स्कूटर जोडतो आणि त्या भरेपर्यंत तिथंच थांबतो. थांबावंच लागतं, नाहीतर कुणीतरी पिन उपटतं. आणि थांबायचं म्हणजे किती वेळ उभं राहणार? आठ तास कंपनीत उभंच राहून येतो. म्हणून बसतो, पारावर.

सायली, तू त्या गावची आहेस, तुला वेगळं सांगायला नको. पारावर बसू नका असं आम्हाला कुणी कधी म्हटलेलं नाही. माझी आजी तिथून जाताना चप्पल हातात घ्यायची. माझ्या आईनं चप्पल पायात ठेवली, पण झपझप पाय उचलून चालायची. मी पाय उचलत नव्हते, पण बसलेही नव्हते. ती मनाई कुठल्या ठरावात लिहिलेली नव्हती आणि तरी इतकी वर्षं ती सगळ्यांना पाठ होती. पहिल्या दिवशी बसले तेव्हा दगड अजून तापलेला होता. पुरुष उठून मारुतीच्या पायरीवर जाऊन बसले. दोन दिवस आमच्याकडं बघत राहिले, तिसऱ्या दिवशी त्यांचे मोबाइल उतरले. मग एकेक जण फोन आणि चार्जर घेऊन यायला लागला. आई म्हणते, "रांगंत ठिवा." सार्थकनं आपला फोन मध्येच खुपसायचा प्रयत्न केला, तर आईनं पिन काढून त्याच्या हातात दिली. "दादा, रांग हाय. गावाचा गाडा हाय ना?"

मी पुन्हा लाइनवर आहे. कंत्राटाची यादी परवा लागेल.

तुझ्याकडून मला आता काही नको. तुला कळावं म्हणून फक्त लिहिते.

करुणा


२५ मे

सायली,

यादीत पाचही नावं आली. सुलेखाचं येणार नव्हतंच. ती संध्याकाळी पारावर येऊन बसते, तिच्याकडं स्कूटर नाही तरी.

तुझे तीन फोन येऊन गेले, ते मी मुद्दाम उचलले नाहीत. तुझा मेसेज वाचला. "गाडा फाट्यावर परत गेल्याचं बाबांनी सांगितलं. खूप बरं वाटलं. शेवटी ते ऐकतात गं." मी हे वाचून इतकी हसले की बसमधल्या बाया बघायला लागल्या. आणि मग इतकी चिडले की आज सुट्टीचा दिवस हे पत्र लिहिण्यात घालवते. ऐकतात म्हणे! तुझ्या वडिलांनी कुणाचं ऐकून गाडा सोडला ते तुला कळायलाच हवं. नाहीतर तू हे तुझ्या समजूतदारपणाच्या खात्यात जमा करशील.

तुझा फोन तुझ्या आईला लागत नव्हता ते दिवस आठव. गावात वीज नव्हती, तुमच्या घरातले सगळे फोन मेलेले होते. सार्थक स्वतःचा तेवढा भरून घेऊन जायचा, आईचा फोन न्यायचं त्याला सुचलं नाही. अठरा तारखेला संध्याकाळी तुझी आई स्वतः बाहेर आली. द्वारकाबाईंना मी एवढ्या वर्षांत देवळाशिवाय कुठं एकटं जाताना पाहिलं नव्हतं. डोक्यावर पदर, हातात फोन. गाड्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या आईला म्हणाल्या, "भामाबाई, एवढा भरून देता का? सायलीशी बोलून लई दिस झाले."

आई म्हणाली, "द्या की. पण दोघंजण पुढं हायेत, थोडं थांबावं लागंल. बसा."

द्वारकाबाईंनी इकडं तिकडं पाहिलं. त्यासुद्धा कधी पारावर बसलेल्या नाहीत, सायली. सून म्हणून त्या गावात आल्या तेव्हापासून त्यांच्या दारासमोर तो पार आहे आणि त्या पायऱ्या झाडतात, बसत नाहीत. आमची मनाई एक, त्यांची दुसरी. त्या दिवशी मात्र त्या बसल्या, माझ्या आईला अगदी लागून, कारण तेवढीच जागा होती.

फोन थोडा भरला आणि तुझाच आला. वायर आखूड, म्हणून त्या तिथंच बसून बोलल्या. मी दोन हातांवर होते. चार महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. तू विचारलंस, "आई, कुठून बोलतेयस? मागं एवढ्या बाया कुठल्या?" त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा आईकडं, आणि म्हणाल्या, "घरातून. घरात आल्यात बसायला."

माझ्या आईनं नजर वळवली. फोन झाल्यावर तुझी आई लगेच उठेल असं मला वाटलं, पण ती बसून राहिली. माझ्या आईला त्यांनी कंबर कशी आहे विचारलं. आईनं त्यांना गाडा कसा फिरवायचा ते सांगितलं. मग दोघींनी उन्हाळ्याला शिव्या दिल्या. बराच वेळ बसल्या होत्या.

तुझे वडील तिकडून आले, ते थबकलेच. आमच्यावर ओरडायची त्यांना सवय आहे, ते सोपं होतं. पण तिथं त्यांची बायको बसली होती, तिचा पदर आईच्या गुडघ्यावर पडला होता आणि ती कशावरून तरी हसत होती. ते म्हणाले, "घरी चला." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा ठराव. "महिला कामगारांची गैरसोय लक्षात घेऊन चार्जिंगचा गाडा तातडीने फाट्यावर हलवण्यात यावा." दुपारपर्यंत सार्थकनं स्वतःच्या ट्रॅक्टरला बांधून तो फाट्यावर नेऊन सोडला.

कळलं, सायली? आमच्या नोकऱ्या चालल्या होत्या तेव्हा गाडा हलला नाही. सुलेखाची नोकरी गेली तेव्हा हलला नाही. माझी पत्रं तुझ्या ऑफिसात पोचत होती तेव्हा हलला नाही. तुझी आई एका संध्याकाळी माझ्या आईशेजारी बसली, तर एका सकाळीत हलला! मला जे हवं होतं ते मिळालं आणि ते मला अशा कारणासाठी मिळालं की घशाखाली उतरत नाही. सगळं गाव म्हणतंय, आप्पासाहेबांनी मन मोठं केलं. तूही म्हणतेयस. तुझ्या आईला विचार, मन मोठं केल्यानंतर घरात काय काय बोलले. ती सांगणार नाही, "घरातून बोलतेय" म्हणेल. पण तू एकदा विचार तरी.

गाडा फाट्यावर गेला त्या पहिल्या दिवशी आम्ही भरलेल्या स्कूटर घेऊन परत येत होतो. आई माझ्यामागं बसली होती. दिवसभर उन्हात बसून तिचा चेहरा काळवंडला होता, पण खुशीत होती. डीपी आदल्याच दिवशी बसवलेली, गावात दिवे लागलेले. पारापाशी आल्यावर तिनं माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांब जरा."

मी थांबले. ती उतरली, सावकाश पारावर जाऊन बसली, पाय खाली सोडले. मी म्हटलं, "आई, गाडा गेला की आता. चल घरी." तिनं मान हलवली. मागच्या स्कूटरवाल्या थांबल्या. सुलेखा रानातून येत होती, तीही थांबली.

तुझे वडील मारुतीच्या पायरीवर होते. उठून आले. आवाज वर न करता म्हणाले, "भामाबाई, गाडा दिला की फाट्यावर. आता हितं काय काम हाय?"

"काम नाय, आप्पासाहेब," आई म्हणाली. "बसलेय."

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. आई दुसरं काहीतरी म्हणेल असं त्यांना वाटलं असावं. मीही वाट बघत होते. तिनं लुगड्यावरची धूळ झटकली. मग मी स्कूटर स्टँडवर लावली आणि तिच्या बाजूला बसले, आणि एकेक करून बाकीच्याही आल्या. ते परत पायरीवर गेले.

आता आम्ही रोज थोडा वेळ बसतो. काही करत नाही, बोलतो, पाय मोकळे करतो, मग घरी जाऊन भाकरी टाकतो. तुझी आई तिच्या दारात उभी असते. ती दिसली की माझी आई थोडी सरकून शेजारी जागा करते. द्वारकाबाई अजून आलेल्या नाहीत. मी तुला माफ केलेलं नाही, ते वेगळं. पण जागा रोज होते, आणि ती दोघींना पुरेल एवढी असते.

करुणा